‘मराठी नीट दिसत नाही’ : प्रश्नाचा साचा घडवतानाच्या नोंदी

लिबरऑफिस, फायरफॉक्स, हार्फबझ (मजकुरातल्या अक्षरांसाठी फॉन्टमधली योग्य चित्रं निवडून जुळवणारं सॉफ्टवेअर) आणि वेगवेगळे मुक्त फॉन्ट अशा आंतरराष्ट्रीय प्रकल्पांकडे मराठी वापरणारे लोक ‘अक्षर तुटतंय’, ‘जोडाक्षर होत नाही’ असे प्रश्न पाठवतात. उत्तर देणाऱ्यांपैकी बहुतेकांना देवनागरी वाचता येत नाही. म्हणून चांगल्या प्रश्नाची कसोटी एकच ठेवली आहे : मराठीचं एकही अक्षर न ओळखणाऱ्या माणसाला ती चूक स्वतःच्या यंत्रावर घडवता आली पाहिजे आणि ती चूक आहे हे नुसतं बघून कळलं पाहिजे. प्रश्न पाठवण्याआधी भरायचा साचा आणि त्याला लागणारी छोटी साधनं तयार करतानाच्या या नोंदी. नेपाळी, कोंकणी किंवा दुसऱ्या लिपीसाठी असंच काम कुणी हाती घेत असेल तर वेळ वाचेल. सगळे कोड इथे देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष प्रश्नात ते रोमनमध्येच द्यायचे.

३ जून

अनुत्तरित राहिलेले जुने प्रश्न वाचून काढले. इंग्रजी कच्चं आहे म्हणून अडलेले प्रश्न थोडे. अडचण बहुतेक ठिकाणी एकाच गोष्टीची : प्रश्नात मूळ मजकूरच नाही. पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो आहे, त्यावर ‘चूक आहे, लवकर दुरुस्त करा’ एवढंच. फोटोतून कोडपॉइंट (युनिकोड या जागतिक अक्षरसंचातले अक्षरांचे क्रमांक) कळत नाहीत, आणि देवनागरीत दिसायला सारखं पण आतून वेगळं असं भरपूर आहे.

दुसरी उणीव : काय दिसायला हवं होतं ते कुठेच नाही. आपल्याला ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक एका नजरेत कळतो. ओस्लो किंवा ओसाकातल्या माणसाला दोन्ही चित्रं सारखीच बरोबर वाटतात.

काही प्रश्न भलत्याच दारात गेलेले आहेत. कृती देव, शिवाजी अशा युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर नव्या फॉन्टमध्ये उघडला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. तो मजकूर मुळात रोमन कोडांवरच बसवलेला असतो, त्यामुळे हा दोष रेखाटनाचा, म्हणजे अक्षरं पडद्यावर काढण्याचा, नाही. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. असे प्रश्न साच्याच्या पहिल्याच पायरीवर वेगळे काढायचे ठरलं.

८ जून

पहिला साचा लांबलचक झाला. कार्यप्रणाली, तिची आवृत्ती, कीबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, पडद्याचं रिझोल्यूशन, प्रोग्रॅमची आवृत्ती, फॉन्ट, भाषा, पायऱ्या, चित्र, मराठीत वर्णन, इंग्रजीत वर्णन.

हा चालला नाही. चाचणीसाठी ज्यांना दिला त्यांनी वरचे रकाने मन लावून भरले आणि खाली ‘पायऱ्या’पाशी आल्यावर ‘वरीलप्रमाणे’ लिहून सोडून दिलं. माणसाचा उत्साह पहिल्या तीन-चार रकान्यांतच खर्च होतो, म्हणून सर्वांत मोलाची माहिती सगळ्यात वर हवी. ग्राफिक्स कार्ड आणि रिझोल्यूशन काढून टाकलं. मजकूर वर नेला.

आवृत्तीसाठी यादीतून निवडायची सोय ठेवली होती, तिथे जवळजवळ सगळ्यांनी ‘सर्वांत नवी’ निवडलं. सहा महिन्यांनी त्या शब्दाला काही अर्थ उरत नाही. आता यादीऐवजी चिकटवायची चौकट आहे : लिबरऑफिसमध्ये ‘अबाउट’ खिडकीत आवृत्तीची माहिती कॉपी करायचं बटण असतं, फायरफॉक्समध्ये अबाउट:सपोर्ट हे पान असतं. माणसाने आठवून लिहिण्यापेक्षा यंत्राने दिलेलं चिकटवणं भरवशाचं.

१४ जून

कोडपॉइंट मिळवायची पद्धत पक्की केली. तीन पर्याय ठेवले, कारण प्रत्येकाकडे सगळंच नसतं.

पायथन असेल तर युनिकोडडेटा मॉड्यूल वापरणारी चार ओळींची स्क्रिप्ट : प्रत्येक अक्षराचा हेक्स क्रमांक आणि युनिकोडमधलं नाव एका ओळीत एक असं छापते. व्हिम वापरणाऱ्यांना कर्सर अक्षरावर नेऊन ‘जी’ आणि ‘ए’ दाबलं की पुरतं. जोडून आलेली चिन्हंही त्यात दिसतात. लिबरऑफिसमध्ये अक्षराच्या मागे कर्सर ठेवून आल्ट आणि एक्स दाबलं की अक्षराच्या जागी त्याचा क्रमांक येतो, पुन्हा दाबलं की अक्षर परत.

शब्द कापून लहान करायचा, पण एका वेळी एकच अक्षर काढून प्रत्येक वेळी चूक टिकते का ते बघायचं. संपूर्ण परिच्छेद आला तर बघणारा सोडून देतो. उलट फक्त तुटलेलं जोडाक्षर पाठवलं तर कधी कधी चूक नाहीशी होते, कारण ती शेजारच्या अक्षरामुळे किंवा मध्येच बदललेल्या फॉन्टमुळे घडत असते. चूक टिकवणारा सर्वांत लहान तुकडा हवा.

१६ जून

आडव्या अर्ध्या र-चे प्रश्न सर्वांत जास्त, म्हणून त्याला साच्याच्या मदतपत्रकात वेगळा भाग दिला. ‘दऱ्या’ तीन प्रकारांनी लिहिलेलं सापडतं :

एक, यू+०९३१ (ऱ) आणि यू+०९४डी (हलन्त). युनिकोडची शिफारस हीच.

दोन, यू+०९३०, यू+०९४डी, यू+२००डी : साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. ही युनिकोड २.० च्या काळातली पद्धत, जुन्या मजकुरासाठी अजून मान्य आहे.

तीन, यू+०९३०, यू+०९३सी (नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका), यू+०९४डी. हे पहिल्याचंच सुटं केलेलं रूप आहे; मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाइलप्रणालीतली फाइलनावं अशी सुटी होऊन येतात.

पहिला आणि तिसरा क्रम युनिकोडच्या नियमाने समतुल्य आहेत, त्यांचं चित्र सारखंच यायला हवं. दुसरा त्यांच्याशी समतुल्य नाही. त्यामुळे ‘शोधा’ खिडकीत एका प्रकाराने टाइप केलेला शब्द दुसऱ्या प्रकारच्या मजकुरात सापडला नाही, तर तो रेखाटनाचा प्रश्न नसतो. साच्यात आता सांगितलं आहे की तिन्ही क्रम तपासा आणि कुठल्याने बिघडतं ते लिहा. तिसरा बिघडून पहिला बरोबर आला, तर उत्तर देणाऱ्याचं निम्मं काम तिथेच होतं. दुसऱ्या क्रमात र पाय मोडलेला दिसत असेल, तर बहुधा फॉन्टमध्ये त्या क्रमासाठी नियम नाही.

वापरायची जोडी ठरवली : ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’. रफार आणि आडवा र शेजारी दिसले की अनोळखी डोळ्यांनाही फरक कळतो, आणि अर्थ बदलतो हे एका वाक्यात सांगता येतं : पहिला शब्द गुरूला, दुसरा स्वयंपाक करणाऱ्याला. चूक फक्त दिसण्याची नाही हे त्यातून पोचतं.

१९ जून

ठिपक्यांचं वर्तुळ (यू+२५सीसी; मात्रेला आधाराचं योग्य अक्षर नसलं की येणारं) दिसण्याचे प्रश्न तपासले. यातले कितीतरी फॉन्टकडे पाठवण्यासारखे नाहीतच.

‘ॲप’, ‘ॲड’ असे शब्द अ (यू+०९०५) आणि अर्धचंद्र (यू+०९४५) असे दोन तुकडे जोडून टाइप केलेले असतात. त्यासाठी ॲ हे स्वतंत्र अक्षर यू+०९७२ आहे, युनिकोड ५.१ मध्ये २००८ साली आलेलं. तुकडे जोडले की हार्फबझ मुद्दाम वर्तुळ घालतं, कारण स्वराला मात्रा लावून दुसरा स्वर बनवणं युनिकोडला मान्य नाही. जुने कीबोर्ड आणि जुने दस्तऐवज यांत हे तुकडे सर्रास सापडतात. तसंच काना आणि अनुस्वार उलट्या क्रमाने टाइप झाले, म्हणजे आधी अनुस्वार आणि मग काना, की वर्तुळ येतं.

हे दोन्ही प्रकार स्क्रिप्टमध्येच टाकले. असा क्रम दिसला की ती ‘टाइप करण्याचा क्रम तपासा’ असं छापते. इथे वाचलेला वेळ मोठा आहे : असा प्रश्न बाहेर गेला की कुणीतरी तो उघडतो, समजून घेतो, ‘हे अपेक्षितच आहे’ असं लिहून बंद करतो, आणि पुढच्या खऱ्या मराठी प्रश्नाकडेही तो जरा कमी उत्सुकतेने बघतो.

२५ जून

फॉन्टचं नाव. मेनूत निवडलेला फॉन्ट आणि पडद्यावर प्रत्यक्ष वापरला गेलेला फॉन्ट वेगळे असू शकतात. निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर प्रणाली गुपचूप दुसरा घेते. ‘एरियलमध्ये जोडाक्षर तुटतं’ या तक्रारीचा एरियलशी बहुधा काहीच संबंध नसतो.

खरा फॉन्ट शोधायच्या जागा : क्रोममध्ये डेव्हलपर टूल्सच्या ‘कम्प्यूटेड’ टॅबमध्ये तळाशी ‘रेंडर्ड फॉन्ट्स’, फायरफॉक्समध्ये इन्स्पेक्टरचा ‘फॉन्ट्स’ टॅब. लिबरऑफिसमध्ये हे सरळ दिसत नाही. तिथे उपयोगी पडलेली युक्ती अशी : दस्तऐवज पीडीएफमध्ये निर्यात करायचा आणि पीडीएफफॉन्ट्स ही आज्ञा चालवायची. आत कोणते फॉन्ट गेले त्यांची यादीच मिळते.

लिनक्सवर एफसी-मॅच ही नावावरून फॉन्ट शोधणारी आज्ञा वापरताना एक सावधगिरी. ती आज्ञा कधीच ‘सापडला नाही’ म्हणत नाही. नाव चुकलं तरी जवळचा वाटेल तो फॉन्ट परत देते. उत्तरातलं नाव मागितलेल्या नावाशी जुळतं का ते बघायचं. फॉन्टची आवृत्ती एफसी-स्कॅनने काढली तर आकडा विचित्र दिसतो : ६५५३६ म्हणजे १.०, १३१०७२ म्हणजे २.०. साच्यात हे भागाकारासकट दिलं आहे, नाहीतर लोक तो आकडा चुकीचा समजून गाळतात.

विकतचा फॉन्ट प्रश्नाला जोडायचा नाही, परवाना तसं करू देत नाही. तीच चूक नोटो किंवा लोहित अशा मुक्त परवान्याच्या फॉन्टमध्ये घडते का ते आधी बघायचं. घडत नसेल तर विकतच्या फॉन्टच्या निर्मात्याकडेच जायचं.

१ जुलै

दोष कुणाचा हे प्रश्न पाठवण्याआधी ठरवण्यासाठी एचबी-शेप आणि एचबी-व्ह्यू घेतले. दोन्ही हार्फबझबरोबर येतात. पहिलं अक्षरचित्रांची (फॉन्टमधल्या आकृत्यांची) नावं आणि रुंदी छापतं, दुसरं चित्र काढतं. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि ५.३ पासून सगळ्या प्रणालींवरचं लिबरऑफिस यांच्या तळाशी हार्फबझ आहे, त्यामुळे निवाडा सोपा होतो.

एचबी-शेपचं उत्तर बरोबर आणि प्रोग्रॅममध्ये चूक : प्रश्न प्रोग्रॅमकडे. एका फॉन्टने चूक, दुसऱ्याने बरोबर : फॉन्टकडे. कुठल्याच फॉन्टने बरोबर नाही : आधी कोडपॉइंटचा क्रम पुन्हा बघा, तो ठीक असेल तरच हार्फबझकडे.

मजकूर थेट टर्मिनलमध्ये चिकटवणं बंद केलं. न दिसणारा जोडक गळून पडला तरी कळत नाही, आणि टर्मिनल स्वतः देवनागरी कशीही दाखवतं. त्याऐवजी युनिकोड्स हा पर्याय देऊन कोडपॉइंट स्वल्पविरामाने लिहायचे. समोरच्यालाही ती ओळ उचलून जशीच्या तशी चालवता येते.

४ ते ९ जुलै

सर्वांत जास्त वेळ इथे गेला. पाकळीचा ल आणि देठाचा श (हिंदीहून वेगळी मराठी वळणं) यांच्याबद्दलचा प्रश्न सगळ्या पायऱ्यांतून तावूनसुलाखून गेला, आणि समोरून उत्तर आलं की त्यांच्याकडे चित्र वेगळं येतं. फॉन्टची फाइल तीच, हार्फबझची आवृत्ती तीच, आज्ञा तीच.

कारण असं सापडलं. ल आणि श यांची मराठी रूपं फॉन्टमध्ये ‘लोकल’ नावाच्या ओपनटाइप (फॉन्टचं प्रमाण स्वरूप) सुविधेत, मराठीच्या भाषाखुणेखाली ठेवलेली असतात. मजकूर मराठी आहे असं सांगितलं तरच ती लागू होते. एचबी-शेपला भाषा सांगितली नाही तर ते यंत्राच्या लोकेलवरून (भाषा-प्रदेशाच्या मांडणीवरून) भाषा धरतं. आपल्या यंत्राचं लोकेल मराठी, तिथे मराठी रूपं येतात. समोरच्याचं इंग्रजी, तिथे फॉन्टची मूळ रूपं येतात.

उपाय एका शब्दाचा आहे : प्रत्येक आज्ञेत भाषा एमआर (मराठीची खूण) अशी स्पष्ट द्यायची. साच्यातल्या नमुना आज्ञेत आता ती आधीच लिहिलेली आहे. शिवाय एक जोड-तपासणी : तीच आज्ञा भाषा एचआय (हिंदी) देऊन चालवा. दोन्ही उत्तरं सारखी आली तर फॉन्टमध्ये मराठी रूपंच नाहीत, म्हणजे ती चूक नसून मागणी आहे आणि ती मागणी म्हणूनच पाठवावी.

यातून प्रोग्रॅमकडचे बरेच प्रश्नही सुटले. लिबरऑफिसमध्ये देवनागरीसाठी फॉन्ट आणि भाषा वेगळ्या असतात, ‘कॅरॅक्टर’ खिडकीत सीटीएल (गुंतागुंतीच्या लिप्या) या विभागाखाली. तिथे बऱ्याचदा हिंदी असते. वेबपानात लँग या गुणधर्मात एमआर नसेल तर ब्राउझरलाही ती मराठी आहे हे कळण्याचा मार्ग नाही. साच्यातला ‘भाषा कुठे आणि कशी सांगितली आहे?’ हा रकाना म्हणून आला आणि तो सक्तीचा आहे.

१३ जुलै

साचा गिटहबच्या (कोड आणि त्यावरचे प्रश्न ठेवायच्या संकेतस्थळाच्या) फॉर्मच्या रूपात बसवला. फाइल आयएसएसयूई_टेम्प्लेट या फोल्डरमध्ये, मुख्य शाखेवर असावी लागते. अडलेल्या जागा :

सक्तीचे रकाने सार्वजनिक भांडारातच (गिटहबवरच्या प्रकल्पाच्या जागेतच) सक्तीचे राहतात. खाजगी प्रतीत चाचणी केली की रिकामा फॉर्मही जातो आणि फाइलमध्ये चूक आहे असं वाटतं. फाइल ठीक असते. चाचणीसाठी सार्वजनिक कच्चं भांडार ठेवा.

यादीतले ‘येस’, ‘नो’ अवतरणचिन्हांत नसतील तर वायएएमएल (फॉर्मची फाइल ज्या स्वरूपात लिहितात ते) त्यांना खरं-खोटं समजतं आणि फॉर्म नाकारला जातो. ‘नन’ हा शब्द पर्याय म्हणून चालत नाही. अवतरणाशिवायचं ३.१० हे वायएएमएलच्या दृष्टीने ३.१ असतं, म्हणून आवृत्त्यांचे आकडे कायम अवतरणात.

कोडपॉइंटच्या चौकटीला ‘रेंडर’ गुणधर्म दिला की चिकटवलेलं आपोआप कोड म्हणून दिसतं. त्याआधी तारांकनं आणि अधोरेषा मार्कडाउन (मजकूर सजवायची खूणपद्धत) गिळून टाकत होतं.

रिकामा प्रश्न उघडायची वाट कॉन्फिग फाइलमध्ये बंद करता येते. ती बंद करून पाहिली आणि पुन्हा उघडी ठेवली. ज्याला आज्ञा चालवता येत नाहीत त्याच्याकडेही खरी चूक असू शकते. अशा प्रश्नाला एक खूण लागते आणि स्वयंसेवक विचारणाऱ्याशी मराठीत बोलून उरलेली माहिती भरतो.

२० जुलै

चित्रांचे नियम. एकाच चित्रात डावीकडे आलेलं, उजवीकडे हवं असलेलं; दोन्ही एकाच आकारात. एचबी-व्ह्यूमध्ये आकार ९६ ठेवला की रफार, उकार, नुक्ता स्पष्ट दिसतात. फरकाच्या जागी लाल वर्तुळ. वर्तुळ एकाच जागी, बाकी काही खटकत असेल तर दुसरा प्रश्न.

‘हवं असलेलं’ कुठून आणायचं यावर बराच खल झाला. दुसऱ्या प्रोग्रॅमचं चित्र देणं सोपं, पण दोघांत बरोबर कोण हा वाद मग आपणच ओढवून घेतो. क्रम असा ठरला : तोच कोडक्रम दुसऱ्या मुक्त फॉन्टमध्ये बरोबर येत असेल तर ते चित्र, नसेल तर छापील पुस्तकातल्या त्या अक्षराचं स्कॅन, तेही नसेल तर जाड पेनाने काढलेलं. हाताने काढलेल्या अक्षराला कमी लेखायची गरज नाही. अक्षरचित्र घडवणाऱ्याला रेषा कुठून वळते तेवढंच हवं असतं.

शीर्षकात मराठी, युनिकोड, समस्या हे शब्द आले तर ते पुन्हा लिहायचं, कारण ते इथे येणाऱ्या प्रत्येक प्रश्नाला लागू पडतात. शीर्षकात फॉन्ट आणि आवृत्ती, कोडक्रम आणि काय घडलं हे तीन तुकडे हवेत : ‘अमुक फॉन्ट २.००४ : यू+०९३० यू+०९४डी यू+२००डी यानंतर य आला की हलन्त सुटा दिसतो’. कुणी पुढे तोच क्रम शोधला तर सापडतो.

‘नमस्कार, मी फार दिवसांपासून…’ ही सुरुवात साचा आपोआप मागे टाकतो, कारण पहिली चौकट कोडपॉइंटची आहे. ‘तातडीचं’ हा शब्द काढायला सांगतो.

२७ जुलै

पीडीएफमधून कॉपी केल्यावर मजकूर बिघडण्याचे प्रश्न या साच्यात बसत नाहीत. तिथे पडद्यावर अक्षर बरोबरच असतं. बिघाड अक्षरचित्रावरून युनिकोडकडे परतताना होतो. पीडीएफफॉन्ट्सच्या ‘युनि’ स्तंभात ‘नो’ असेल तर परतीचा तक्ताच नाही. ‘येस’ असूनही ‘किती’मधली वेलांटी क-च्या आधी येऊ शकते, कारण कागदावर ती आधी असते. यासाठी छोटा वेगळा साचा केला : पीडीएफ कुणी बनवली, तिचं मूळ दस्तऐवज, पीडीएफफॉन्ट्सचं उत्तर, आणि पीडीएफटूटेक्स्टने निघालेल्या एका शब्दाचे कोडपॉइंट. एवढ्यावर काम भागतं.

५ ऑगस्ट

पूर्ण भरलेल्या प्रश्नाला सुरुवातीला तास-दीड तास लागत होता. स्क्रिप्ट कोडपॉइंट, फॉन्टची आवृत्ती आणि एचबी-शेपची दोन्ही उत्तरं एकदम छापू लागल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांत भागतं. पैसा लागला नाही, सगळी साधनं मुक्त आहेत. उत्तरांत सर्वांत स्पष्ट फरक हा पडला की ‘आणखी माहिती द्या’ ही फेरी बहुतेक वेळा टळते.

पुढचं पाऊल सुरू केलं आहे : चांगला प्रश्न थेट चाचणीत बदलायचा. हार्फबझच्या चाचणी-फाइलींत एक चाचणी म्हणजे एक ओळ असते : फॉन्टची फाइल, पर्याय, कोडपॉइंट आणि अपेक्षित अक्षरचित्रं, अर्धविरामांनी वेगळी केलेली. आपल्या साच्यात या चारही गोष्टी आधीच असतात. एकदा ती ओळ आत गेली की तीच चूक पुढच्या आवृत्तीत परत आली तर बाहेर पडण्याआधी पकडली जाते.

अडचण फॉन्टच्या उपसंचाची आहे. चाचणीसाठी पूर्ण फॉन्ट घेत नाहीत, एचबी-सबसेटने लागणारी अक्षरंच काढून घ्यावी लागतात. त्यात सुविधांची यादी ‘सगळ्या’ अशी द्यावी आणि अक्षरचित्रांची नावं राखायचा पर्याय चालू ठेवावा, नाहीतर उत्तरात नावांऐवजी नुसते क्रमांक येतात. ठिपक्यांच्या वर्तुळाशी संबंधित प्रश्न असेल तर यू+२५सीसी उपसंचात हवंच. ते गळलं तर वागणं बदलतं. उपसंच करण्याआधीचं आणि नंतरचं एचबी-शेपचं उत्तर शेजारी ठेवून बघायचं, नावं जुळली तरच ओळ पाठवायची. आडव्या र-च्या तिन्ही क्रमांच्या ओळी तयार आहेत; ॲ आणि ल-श यांच्या बाकी आहेत.